रक्त कुणाचे, हात कुणाचे, नाव कुणाचे?

गेल्या वीस-पंचवीस वर्षांत आपल्या सभांमधून एक नवा पुरावा ऐकू येऊ लागला आहे. पूर्वीचा वक्ता पुरुषसूक्त आणि मनुस्मृती यांचे दाखले देत असे आणि ते फाडून दाखवीत असे. आताचा वक्ता डीएनएचा दाखला देतो. ब्राह्मण परकीय आहेत हे अमेरिकेच्या प्रयोगशाळेत सिद्ध झाले, असे तो ठासून सांगतो. टाळ्या पडतात, आणि कार्यकर्ता ते वाक्य घेऊन घरी जातो. या विषयावरच्या पुस्तिका जयंतीच्या दिवशी पुस्तकांच्या टेबलावर मांडलेल्या असतात. ढोकीत असतात, शेजारच्या तडवळ्यात असतात, नागपूरच्या दीक्षाभूमीवर तर असतातच. मनुस्मृतीचा दाखला देणारा वक्ता ती कोणी लिहिली आणि कोणाच्या सोयीसाठी लिहिली, हे विचारत होता. डीएनएचा दाखला देणारा मात्र हे तक्ते कोणी केले, कोणाच्या रक्तावरून केले, कोणत्या हातांनी केले, हे विचारत नाही. त्याला निष्कर्ष पुरतो. ग्रंथप्रामाण्य गेले आणि त्या जागी प्रयोगशाळाप्रामाण्य आले, इतकाच हा बदल असेल तर त्याचे स्वागत करावे काय?

प्रस्तुत लेखाचा विषय या पुस्तिका नव्हेत. विषय आहे तो जनुकशास्त्राच्या प्रयोगशाळेत काम करणारा तंत्रज्ञ आणि त्याचे आपल्या विज्ञानलेखनात व आपल्या साहित्यात असलेले, खरे म्हणजे नसलेले, स्थान. पण तो का दिसत नाही हे समजून घ्यायचे तर आरंभ या पुस्तिकांपासूनच करावा लागतो.

ज्या संशोधनावर या पुस्तिका उभ्या आहेत ते मायकेल बमशाद आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे. २००१ साली ते 'जीनोम रिसर्च' या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. विशाखापट्टणमच्या परिसरातील वेगवेगळ्या जातींच्या अडीचशेच्या आसपास पुरुषांचे नमुने त्यात मुख्यतः तपासले होते. बापाकडून मुलाकडे जाणाऱ्या वाय गुणसूत्राची खूण वरच्या जातींत सरासरीने युरोपीय लोकसमूहांच्या अधिक जवळची आढळली, आणि आईकडून येणारी खूण सर्वच जातींत मुख्यतः आशियाई आढळली. 'सरासरीने' हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. पुस्तिकेत तो गळतो. समूहाच्या सरासरीवरून एका माणसाच्या कपाळी देशी किंवा परदेशी असा शिक्का मारता येत नाही, हे त्या संशोधनात काम केलेल्या कोणत्याही तंत्रज्ञाने सांगितले असते. त्याला कोणी विचारलेच नाही.

आणि बाबासाहेबांना तरी आपण विचारले काय? १९३६ साली 'जातिप्रथेचे विध्वंसन' लिहिताना जात म्हणजे वंश हे मत त्यांनी साफ नाकारले. पंजाबातील ब्राह्मण आणि पंजाबातील चांभार यांच्यात वंशाचा भेद नाही, मद्रासेतील ब्राह्मण आणि तेथील परिया यांच्यातही नाही, अशी त्यांची मांडणी होती. १९४८ च्या 'अस्पृश्य मूळचे कोण?' या ग्रंथात तर ते आणखी पुढे गेले. घुर्ये यांनी वापरलेली नाकांच्या मोजमापांची कोष्टके त्यांनी घेतली आणि त्याच आकड्यांवरून दाखवून दिले की नाकाच्या मापाने ब्राह्मण आणि अस्पृश्य वेगळे पडत नाहीत. त्या काळच्या मानवमिती-शास्त्राचा पुरावा त्यांनी टाळला नाही. पण तो डोक्यावरही घेतला नाही. कोष्टकाची एकेक ओळ त्यांनी वाचली. आपल्या परंपरेत विज्ञान वाचण्याची ही पद्धत आहे, आणि तीच आपण सोडून दिली आहे.

गंमत अशी की नंतरचे जनुकशास्त्र बाबासाहेबांच्या एका फार जुन्या निष्कर्षाकडे येऊन पोचले. १९१६ साली कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात त्यांनी जातीचे मर्म वंशात नव्हे, तर जातीतल्या जातीत लग्न करण्याच्या सक्तीत शोधले होते. २०१३ साली प्रिया मूर्जानी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, ज्यांत हैदराबादच्या पेशीय व रेण्वीय जीवशास्त्र केंद्राचे संशोधकही होते, दाखवले की सुमारे ४२०० ते १९०० वर्षांपूर्वीच्या काळात या देशातील लोकसमूहांची भरपूर सरमिसळ झाली आणि नंतर ती आटली. २०१६ साली पार्थ मजुमदार यांच्या गटाने अनेक समूहांत ही सरमिसळ सत्तरेक पिढ्यांपूर्वी, म्हणजे दीड हजार वर्षांमागे, एकाएकी थांबल्याचे मांडले. तो काळ त्यांनी गुप्त राजवटीशी जोडला. कोणी तरी दारे लावून घेतली, असाच याचा अर्थ. रक्ताने जात बनवली नाही. जातीने रक्त अडवले. हे एवढे मोठे हत्यार हातात असताना आपला वक्ता २००१ च्या एका निबंधातली अर्धी ओळ घेऊन उभा राहतो, याला काय म्हणावे!

आता प्रयोगशाळेत शिरू. या संशोधनाचे काम प्रत्यक्षात कसे चालते ते पाहिल्याशिवाय तंत्रज्ञाची जागा कळणार नाही.

प्रथम गावात जाऊन रक्त काढावे लागते. त्यासाठीची नळी आधीच तयार असते. रक्त गोठू नये म्हणून तिच्यात ईडीटीए नावाचे द्रव्य असते आणि तिच्या अंगावर चिठ्ठी असते. चिठ्ठीवर क्रमांक, आणि क्रमांकासमोर वहीत गाव, वय, स्त्री की पुरुष, आणि जात. ही जात रक्तातून निघालेली नसते. ती समोरच्या माणसाला विचारून लिहिलेली असते. म्हणजे रक्ताचा पहिला थेंब नळीत पडण्यापूर्वीच जात नळीला चिकटलेली असते. पुढे संगणकातून बाहेर पडणाऱ्या रंगीत आकृतीत ज्या जाती वेगवेगळ्या ठिपक्यांनी दिसतात, त्या या चिठ्ठीवरून तेथे पोचलेल्या असतात. संशोधक निबंधात ही गोष्ट एका ओळीत उरकतो. पण चिठ्ठी लिहिणारा हात तंत्रज्ञाचा किंवा क्षेत्र-सहायकाचा असतो, आणि एखादा माणूस जात सांगताना क्षणभर थांबतो, आवाज खाली करतो, धर्म बौद्ध सांगून जातीचा रकाना कोरा ठेवायला सांगतो, तेव्हा ते पाहणारे डोळेही त्याचेच असतात. धर्मांतरित माणसाला पुन्हा 'महार' या रकान्यात बसवले जाते ते याच क्षणी. याची नोंद कोणत्या निबंधात येते?

नळी प्रयोगशाळेत येते. तेथे पहिले काम म्हणजे लाल पेशी फोडून टाकणे. माणसाच्या पूर्ण वाढलेल्या लाल पेशीत केंद्रक नसते, म्हणून डीएनएसाठी ती निरुपयोगी. ज्या लाल रंगावरून कवींनी आणि पुढाऱ्यांनी 'आमचे रक्त, तुमचे रक्त' केले, तो सगळा लाल भाग निर्जंतुक करून मोरीत जातो. उरतात थोड्याशा पांढऱ्या पेशी. त्या फोडायच्या, त्यांतली प्रथिने काढून टाकायची, आणि वरून गार अल्कोहोल सोडायचे. मग नळीत पांढरे तंतू दिसू लागतात, पिंजलेल्या कापसासारखे. देशस्थाचे तंतू आणि मांगाचे तंतू शेजारी ठेवले तर डोळ्यांना फरक दिसत नाही. पुढे शहाण्णव खळग्यांची तबकडी, एकेका खळग्यात एक मायक्रोलिटर, दोन मायक्रोलिटर, म्हणजे टाचणीच्या डोक्याएवढे द्रव. पिपेटच्या दट्ट्यावर अंगठा दिवसभर दाबत राहायचा. एक ओळ चुकली की एकाचे नमुने दुसऱ्याच्या नावावर जातात, आणि कोणतेही यंत्र ओरडून सांगत नाही की हा मराठा नव्हे, हा कैकाडी आहे. आतेमामेभावंडांत, भावकीत आणि जातीत शतकानुशतके लग्ने झाल्यामुळे समूहासमूहांत बारीक फरक साचले आहेत आणि गणिताने ते पकडता येतात, हे खरे. ते नाकारण्याचे कारण नाही. पण ते गणित करण्यापूर्वी जी शिस्त लागते ती अंगठ्याची आणि बोटांची असते.

हे काम करणारे लोक कोण असतात? मराठवाड्यातील कोणत्याही तालुक्याच्या गावी पाहावे. दहावी-बारावीनंतर विज्ञान घेतलेली, पण वैद्यकाच्या गुणवत्ता यादीपर्यंत न पोचलेली आपली मुले-मुली डी.एम.एल.टी. करतात. त्यांतील काही ग्रामीण रुग्णालयात कंत्राटी लागतात, काही लातूर-सोलापूरच्या खाजगी लॅबमध्ये, आणि थोडी पुण्या-हैदराबादच्या संशोधन प्रकल्पांत. प्रकल्प दोन-तीन वर्षांचा. प्रकल्प संपला की नेमणूक संपते. शोधनिबंधाच्या शेवटी आभाराचा एक परिच्छेद असतो. त्यात नमुने देणाऱ्या लोकांचे एकत्रित आभार असतात, निधी देणाऱ्या खात्याचे नावानिशी आभार असतात, आणि कधी कधी तांत्रिक साहाय्याबद्दल एखादे नाव असते. कधी तेही नसते.

तंत्रज्ञ आणि जात यांची गाठ महाराष्ट्रात सर्वांत घट्ट पडली ती सिकलसेलच्या बाबतीत. १९५२ साली निलगिरीच्या आदिवासींत हा दोष आढळल्याचे लेमन आणि कटबुश यांनी प्रसिद्ध केले. १९५८ साली नागपूरच्या शुक्ल आणि सोळंकी यांनी 'लॅन्सेट'मध्ये मध्य भारतातील सिकलसेलविषयी लिहिले, आणि तेव्हापासून विदर्भातील महार समाज या शास्त्राच्या नकाशावर आला. नागपूरला १९५६ साली धम्मदीक्षा झाली. त्यानंतर दोन वर्षांच्या आत वैद्यकाच्या वाङ्मयात त्याच शहरातील त्याच समाजाची एक नवी ओळख सुरू होते, हा योगायोगच. पण विसरण्यासारखा योगायोग नव्हे.

या आजारात रक्ताच्या पेशी प्राणवायू कमी पडला की विळ्याच्या आकाराच्या होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हाडे ठणकू लागतात. हिमोग्लोबिनच्या एका साखळीतील सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येते, एवढाच मुळातला फरक; १९५६-५७ मध्ये व्हर्नन इन्ग्रॅम यांनी तो दाखवला. आईबाप दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात मूल रुग्ण होण्याची शक्यता चारात एक, वाहक होण्याची चारात दोन. वाहक हा रोगी नव्हे. उलट मलेरियाच्या प्रदेशात वाहक लहानपणी तग धरून राहतो, हे ॲलिसन यांनी १९५४ सालीच मांडले. म्हणजे ज्या जंगलपट्टीत आणि गावकुसाबाहेरच्या ओलीत मलेरिया माणसे मारीत होता, तेथे जगून राहिलेल्यांची ही खूण आहे. महारांप्रमाणे कुणबी, तेली, गोंड, परधान, आणि खानदेशाकडे भिल्ल, पावरा यांच्यातही ती आढळते. तरीही विदर्भात लोक 'महारांचा आजार' म्हणत राहिले. त्याच वेळी वैश्य समाजातील एका उपजातीत भूल देण्याच्या औषधाने जीव धोक्यात आणणारा जनुकीय दोष आढळतो, आणि २०१७ सालच्या एका मोठ्या अभ्यासात दक्षिण आशियातील २६३ पैकी ८१ समूहांत, जातीतल्या लग्नांमुळे असे दोष साचण्याजोगी स्थिती दिसून आली, हे किती जणांना ठाऊक आहे? एकाच नियमाचे दोन परिणाम; पण एकाचा बोभाटा होतो आणि दुसरा कौटुंबिक डॉक्टरच्या फायलीत राहतो.

सिकलसेलची साधी चाचणी अशी : बोटाच्या टोकातून रक्ताचा थेंब घ्यायचा, तो ठरलेल्या रसायनात मिसळायचा आणि नळीमागे काळ्या रेघांचा कागद धरायचा. रेघा स्पष्ट दिसल्या तर चाचणी निगेटिव्ह. द्रव गढूळ होऊन रेघा बुडाल्या तर पॉझिटिव्ह. ही चाचणी वाहक आणि रुग्ण यांतला फरक सांगत नाही. तो फरक सांगायला दुसरी चाचणी लागते : विजेच्या प्रवाहात हिमोग्लोबिनचे पट्टे वेगळे करणारी, किंवा आता एचपीएलसी यंत्रावरची. पहिल्या आणि दुसऱ्या चाचणीच्या मध्ये जे दिवस जातात त्या दिवसांत गावात काय होते, हे तंत्रज्ञाला माहीत असते. शाळेत रांगेने थेंब घेतलेल्या मुलीचा निकाल आईबापांच्या आधी भावकीला कळतो. 'पॉझिटिव्ह' या शब्दाचा अर्थ रोगी असा होतो. ठरलेली सोयरीक मोडते. आणि समजावून सांगण्याचे काम ज्याच्या कामाच्या यादीत नाही, ज्याला त्यासाठी वेळही दिलेला नाही, तो तंत्रज्ञच दाराशी उभ्या असलेल्या आईला समजावून सांगत असतो की वाहक म्हणजे रोगी नव्हे. जनुकशास्त्रातील समुपदेशन ज्याला म्हणतात ते आपल्याकडे बहुतांशी असे दारात उभ्याउभ्या होते.

लायनस पॉलिंग हे या शास्त्रातील फार मोठे नाव. सिकलसेल हा रेणूचा आजार आहे हे १९४९ साली त्यांनी, हार्वे इटानो आणि इतर सहकाऱ्यांसह, दाखवले. याच पॉलिंग यांनी १९६८ साली अशी सूचना केली की सिकलसेलच्या तरुण वाहकांच्या कपाळावर खूण गोंदावी, म्हणजे दोन वाहक एकमेकांच्या प्रेमात पडणार नाहीत. पॉलिंग हे अणुचाचण्यांना विरोध करणारे, शांततेचे नोबेल पारितोषिक मिळालेले गृहस्थ. त्यांच्या मनात द्वेष होता असे म्हणता येणार नाही. पण ज्या समाजाच्या गळ्यात मडके आणि पाठीला झाडू बांधल्याची आठवण आहे, त्या समाजातील वाचकाने ही सूचना वाचली म्हणजे त्याला जे वाटते ते पॉलिंग यांना कधी सुचण्यासारखेच नव्हते. अमेरिकेत १९७० नंतरच्या काही वर्षांत अनेक राज्यांनी काळ्या लोकांवर या चाचणीची सक्ती केली आणि वाहकांना नोकऱ्या व विमा नाकारले गेले. आपल्याकडे १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली. सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन हे तिचे उद्दिष्ट. जनुकीय स्थितीची कार्डे वाटली जातात, लग्नाआधी ती जुळवून पाहावीत अशी अपेक्षा आहे. कार्ड म्हणजे गोंदण नव्हे, हे मान्य. ते खिशात ठेवता येते. तपासणी हवीच, औषधे हवीतच, २०१६ च्या अपंग हक्क कायद्यात सिकलसेलचा समावेश झाला तो फायद्याचाच. पण पत्रिका जुळवण्याच्या देशात कार्डे जुळवणे कोणत्या अंगाने जाईल, आणि कार्ड नेहमी मुलीकडचेच मागितले जाईल की काय, हा प्रश्न मोहिमेच्या कागदावर नाही. तो कार्ड भरून देणाऱ्याच्या टेबलावर आहे.

येथवर तंत्रज्ञ काय पाहतो ते झाले. त्याला विज्ञानाच्या वाङ्मयात काय मिळते?

जेम्स वॉटसन यांचे 'द डबल हेलिक्स' हे १९६८ चे पुस्तक विज्ञानाच्या आत्मकथनांतील सर्वांत गाजलेले. आमच्या महाविद्यालयांच्या ग्रंथालयांतही ते सापडते. वेगवान आहे, खुसखुशीत आहे, आणि एका बाबतीत अत्यंत हलके आहे. रोझलिंड फ्रँकलिन या स्वतंत्र संशोधिकेला वॉटसन विल्किन्सची मदतनीस असल्यासारखे रंगवतात आणि तिच्या कपड्यांवर शेरे मारतात. यावर पुढे पुष्कळ टीका झाली, आणि ती योग्यच होती. पण त्या टीकेचा सूर पाहावा : ती मदतनीस नव्हती, ती शास्त्रज्ञ होती! म्हणजे मदतनीस ठरवणे हा अपमान आहे, हे वॉटसन आणि त्यांचे टीकाकार दोघेही गृहीत धरतात. मदतनीस असण्यात काय वाईट आहे, असे कोणीच विचारत नाही. डीएनएचे ते प्रसिद्ध छायाचित्र, एकावन्न क्रमांकाचे, १९५२ च्या मे महिन्यात प्रत्यक्ष घेतले ते फ्रँकलिनच्या मार्गदर्शनाखाली काम करणाऱ्या रेमंड गॉसलिंग या विद्यार्थ्याने. किती वाचकांना त्याचे नाव आठवते? त्याच वर्षी डीएनए हेच आनुवंशिकतेचे द्रव्य असल्याचा भक्कम पुरावा हर्शी आणि चेस यांनी दिला. मार्था चेस ही हर्शीची प्रयोगशाळा-सहायक. निबंधावर तिचे नाव आले, ही मोठीच गोष्ट. १९६९ चे नोबेल हर्शीला मिळाले, तिला नाही. सिकलसेलचेही तसेच. १९०४ साली शिकागोत त्या पेशी पहिल्यांदा पाहिल्या त्या अर्नेस्ट आयर्न्स या उमेदवार डॉक्टरने. निबंध हेरिक यांच्या नावावर आहे.

बाबासाहेबांनी श्रमांची विभागणी आणि श्रमिकांची विभागणी यांत जो भेद केला तो येथे लावून पाहावा. प्रयोगशाळेत कामे वाटून घ्यावीच लागतात. त्याबद्दल तक्रार नाही. पण एका बाजूला विचार करणारे आणि दुसऱ्या बाजूला हात चालवणारे अशी माणसांचीच उतरंड लावली, आणि खालच्याला वर येण्याचा जिना ठेवला नाही, म्हणजे ती वर्णव्यवस्था होते, मग तेथे कोणाची जात कोणी विचारो वा न विचारो. तडवळ्याला १९४१ च्या फेब्रुवारीत बाबासाहेबांच्या उपस्थितीत महार-मांग वतनदार परिषद भरली होती. वतन म्हणजे जन्माने लागलेले काम आणि त्याचा तुटपुंजा मोबदला. आमच्या महाविद्यालयांतील प्रयोगशाळा परिचराचे पद जन्माने लागत नाही हे खरे. परंतु तेथे वीस वर्षे काचसामान धुतलेल्या माणसाला पदवी मिळाली तरी त्याच्याकडे विद्यार्थी आणि अध्यापक कोणत्या नजरेने पाहतात, हे या अंकाच्या वाचकांपैकी पुष्कळांना घरचे ठाऊक असेल.

या उतरंडीच्या खालच्या पायरीवरून लिहिलेले एक पुस्तक मी येथे मुद्दाम सांगतो. ते जनुकशास्त्रातले नव्हे, शस्त्रक्रियेच्या प्रयोगशाळेतले आहे. पण तंत्रज्ञाने स्वतः लिहिलेले म्हणून आपल्याला ते जवळचे. व्हिव्हियन थॉमस या काळ्या तंत्रज्ञाचे आत्मवृत्त १९८५ साली, त्यांच्या मृत्यूच्या सुमारास, प्रसिद्ध झाले. ते सुतारकाम जाणणारे. मंदीत शिक्षणासाठी साठवलेले पैसे बुडाले आणि १९३० साली ते डॉ. ब्लॅलॉक यांच्या प्रयोगशाळेत लागले. काम संशोधनाचे, पगाराच्या वहीत हुद्दा झाडूवाल्याचा. जन्मतः हृदयदोष असलेल्या निळसर बालकांवरची शस्त्रक्रिया त्यांनी कुत्र्यांवर शेकडो वेळा करून बसवली. २९ नोव्हेंबर १९४४ रोजी जॉन्स हॉपकिन्समध्ये ती प्रथम मुलावर झाली तेव्हा ब्लॅलॉक यांच्या मागे चौरंगावर उभे राहून थॉमस त्यांना सांगत होते. वरकमाईसाठी त्याच ब्लॅलॉक यांच्या मेजवानीत ते पेये वाटण्याचेही काम करीत. १९७६ साली विद्यापीठाने त्यांना सन्माननीय डॉक्टरेट दिली.

मराठी वाचकाला, विशेषतः आपल्या आत्मकथनांच्या आगीवर वाढलेल्या वाचकाला, हे पुस्तक थंड वाटेल. त्यात आक्रोश नाही. पानेच्या पाने टाके, सुया आणि रक्तदाब यांचीच. काही समीक्षक याला तडजोड म्हणतील. मला ते मान्य नाही. ज्याचे कामच दुसऱ्याच्या नावावर गेले, त्याने ते काम तपशिलासह स्वतःच्या हाताने लिहून ठेवणे, हाच येथे नकार आहे. वेदना सांगून मालकी सिद्ध होत नाही. टाका कसा घातला हे सांगून होते.

याच्या उलट बाजूचे उदाहरण रिबेका स्क्लूट यांच्या २०१० च्या पुस्तकात मिळते. हेन्रिएटा लॅक्स या काळ्या स्त्रीच्या गाठीतील पेशी १९५१ साली तिला न विचारता घेतल्या गेल्या आणि जगभरच्या प्रयोगशाळांत वाढत राहिल्या. त्या पहिल्यांदा नळ्यांत घातल्या त्या मेरी क्युबिसेक या तंत्रज्ञ स्त्रीने. नळीवर तिने नाव आणि आडनाव यांची पहिली दोन-दोन अक्षरे लिहिली : हेला. ही पुन्हा चिठ्ठीचीच गोष्ट. लॅक्स यांच्या मृत्यूनंतर शवविच्छेदनाच्या वेळी क्युबिसेकला त्यांच्या पायाच्या नखांवरचा उडालेला लाल रंग दिसला, आणि आपण ज्या पेशी वाढवतो आहोत त्या एका माणसाच्या आहेत हे तिला एकदम जाणवले, असे स्क्लूट लिहितात. अनेक वर्षे निबंधांवर निबंध आले. माणूस दिसला तो तंत्रज्ञाला. स्क्लूट यांच्या पुस्तकातले हे पान मला सर्वांत मोलाचे वाटते. दोष इतकाच की क्युबिसेक तेथे एका पानापुरती येते आणि जाते.

आणि आपले साहित्य? दया पवार यांनी मुंबईच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात प्रयोगशाळेतली नोकरी केली. 'बलुतं' (१९७८) मध्ये तिचा उल्लेख आहे. पण समीक्षेने त्या पानांकडे पाहिलेले नाही. आम्ही त्या पुस्तकात गाव शोधला, कावाखाना शोधला, बाप शोधला. प्रयोगशाळा शोधली नाही. त्यानंतरच्या आत्मकथनांतून शिक्षक, कारकून, बँक कर्मचारी, अधिकारी झालेला दलित येतो. तंत्रज्ञ जवळजवळ येत नाही. कारण उघड आहे. आमच्या आत्मकथनाला गावकुसापासून कार्यालयापर्यंतचा प्रवास हवा असतो, आणि त्या प्रवासात नोकरी हे मुक्कामाचे ठिकाण असते. तेथे पोचल्यावर काम काय केले हे सांगायला कोणी थांबत नाही. मराठी विज्ञानसाहित्याची अडचण निराळी आहे. तेथे प्रयोगशाळा आहे, पण तिच्यात एकटा प्रतिभावान शास्त्रज्ञ आणि त्याचा धक्कादायक शोध असतो. चहा आपोआप येतो, काचसामान आपोआप धुतले जाते.

ज्यांना हे सर्व नागपूर, हैदराबाद आणि अमेरिकेतले वाटते त्यांनी ढोकीच्या शिवाराकडे पाहावे. तेरणा कारखान्याच्या आधाराने येथे ऊस वाढला. कारखाना मध्यंतरी कित्येक हंगाम बंद राहिला, तरी ऊस राहिला. उसाच्या बेण्याला नाव नसते, आकडा असतो : को ८६०३२, फुले २६५. 'को' म्हणजे कोइमतूर. १९१२ साली तेथे ऊसपैदास केंद्र निघाले, कारण त्या हवेत उसाला चांगला तुरा येतो. नर तुरा मादी तुऱ्यावर झटकायचा, त्याचे पिसासारखे बी पेरायचे, हजारो रोपांतून दरवर्षी काही टाकत जायचे आणि दहा-बारा वर्षांनी एखादे वाण हाती लागते. तुरे बांधणारे, रोपे मोजणारे, टाकायची कोणती हे बोटाने सांगणारे हात मजुरांचे आणि सहायकांचे. पुढे मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटसारख्या ठिकाणी ऊतिसंवर्धनाने निरोगी बेणे करतात. चिमटा ज्योतीत धरायचा, कोंबाचे टोक सुरीने काढायचे, बाटलीतल्या जेलीत टोचायचे, बूच लावायचे, आणि पुन्हा पुढची बाटली. अशा प्रयोगशाळांत हे काम बहुधा स्त्रिया करतात. बुरशी आलेली बाटली लांबून ओळखण्याचे त्यांचे कसब कोणत्याही पदव्युत्तर अभ्यासक्रमात शिकवत नाहीत. त्या बेण्याच्या उसावर मग आमच्याच लोकांचा कोयता चालतो. बाटलीपासून कोयत्यापर्यंतच्या या साखळीत नाव फक्त आकड्याला आहे.

म्हणून या त्रैमासिकाच्या वाचकांपैकी जे शिक्षक आहेत त्यांना एक सुचवायचे आहे. आपल्या ज्या विद्यार्थ्यांनी डी.एम.एल.टी. केले, जे सिकलसेलच्या तपासणीला फिरले, जे एखाद्या प्रकल्पात नमुने गोळा करीत होते, त्यांच्याकडून टिपणे लिहून घ्यावीत. कविता नको, भाषण नको. नळी कोणती वापरली, जातीचा रकाना कोणी भरायला सांगितला, कोणी तो कोरा ठेवला, दिवसाला किती थेंब घेतले, पगार किती महिने थकला, निकाल सांगताना कोण रडले, निबंध छापून आला तेव्हा त्याची प्रत त्यांना मिळाली की नाही. प्रकल्पाच्या जुन्या वहीतली उरलेली कोरी पाने यासाठी चालतील. पेन्सिलीने लिहिलेलेही चालेल.